जुन्या लेन्सचे छायाचित्रण



गतवर्षीच्या सहलीत कासच्या पठारावर इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ह्या बारीक फुलांचा स्वच्छ फोटो निघायला किती किमतीची लेन्स लागते?" नव्या लेन्सची बाजारातील किंमत मी सांगितली. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे हा छंद आमच्या घरचा नव्हे." त्याचे ते शब्द माझ्या मनास लागून राहिले. त्या दिवशी मी त्यास दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम लेन्स म्हणजे काय ते पाहू. समोरच्या वस्तूपासून निघालेले किरण एकत्र आणून त्यांची प्रतिमा मागील पडद्यावर उमटविणे, हे तिचे काम होय. तो पडदा पूर्वी फिल्मचा असे, आता तो सेन्सरचा असतो. लेन्सला ह्या फरकाचा पत्ताही नसतो. एकाच भिंगाने हे काम नीट होत नाही. रंग फाकतात व कडा धूसर होतात. म्हणून निरनिराळ्या काचेची अनेक भिंगे एका नळीत बसवितात. इंग्लंडमध्ये डेनिस टेलर ह्यांनी १८९३ साली तीन भिंगांची रचना सिद्ध केली. जर्मनीत पाउल रुडोल्फ ह्यांनी १९०२ साली चार भिंगांची 'टेसार' लेन्स काढली. पुढे सहा भिंगांच्या रचना रूढ झाल्या. रशियातील 'हेलिओस ४४' ही त्यांपैकीच एक असून ती जर्मन 'बायोटार' लेन्सच्या धर्तीवर केलेली आहे. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती आपल्या देशातही पुष्कळ आली.

फिल्मचा काळ सरला, तेव्हा हे कॅमेरे कपाटांत व जुन्या बाजारांत जाऊन पडले. परंतु त्यांच्या लेन्स निरुपयोगी झाल्या नाहीत, कारण प्रकाशाचे नियम जुने होत नाहीत. नव्या लेन्समध्ये फोकस आपोआप करणारी यंत्रे असतात व काचेवरील लेपही अधिक चांगले असतात. जुन्या लेन्समध्ये ही सोय नाही. फोकसही हातानेच करावयाचा आणि छिद्रही हातानेच लहानमोठे करावयाचे. ह्याच कारणाने ती स्वस्त मिळते, आणि ह्याच कारणाने ती चांगली शिक्षिका आहे, असे माझे मत आहे.

लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता जो भागाकार येतो, तो हा आकडा. हेलिओसचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर आहे. तिचे छिद्र २ ह्या आकड्यावर ठेवले, तर त्याचा व्यास २९ मिलिमीटर भरतो. प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमुळाइतका पट आहे. व्यास तितका कमी झाला की क्षेत्रफळ निम्मे होते व प्रकाशही निम्माच आत येतो. वर्गात 'हे गणित पुढे कोठे उपयोगी पडणार?' असे विचारणाऱ्यांनी हे कडे एकदा हातात धरून फिरवून पाहावे.

छिद्र मोठे ठेवले असता थोड्याच अंतरातील वस्तू स्पष्ट दिसतात व बाकीचे सर्व मऊ, धूसर होते. छिद्र लहान केले की जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट होते. नळीवर मीटरांचे आकडेही असतात. ५० मिलिमीटरची लेन्स ११ ह्या आकड्यावर ठेवून फोकस साडेसात मीटरांवर लावला, तर सुमारे पावणेचार मीटरांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. हा हिशेब ३६ × २४ मिलिमीटरच्या फिल्मचा आहे. सेन्सर त्याहून लहान असेल, तर छिद्र आणखी एक पायरी लहान करावे. सांगलीच्या घाटावरून १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाचे चित्र घेताना अथवा माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील देवालये टिपताना ही युक्ती करून पाहा. फोकसची चिंता उरत नाही व सारे लक्ष चित्राच्या मांडणीकडे देता येते.

आता ही लेन्स नव्या कॅमेऱ्यास बसते कशी? ह्याचे उत्तर एका वजाबाकीत आहे. लेन्सची बैठक व सेन्सर ह्यांमध्ये प्रत्येक जातीचे अंतर ठरलेले असते. हेलिओससारख्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सला ते ४५.४६ मिलिमीटर लागते. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते १८ मिलिमीटर आहे. तेव्हा उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारे धातूचे कडे, म्हणजे अडॅप्टर, मध्ये बसविले की काम झाले. त्यात काच नसते, म्हणून ते स्वस्त असते. कॅननच्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात हे अंतर ४४ आहे, तेथे पातळ चकती पुरते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र ते ४६.५ आहे. म्हणजे लेन्स हवी त्याहून दूर राहते व दूरच्या वस्तूंवर फोकस बसत नाही. अडॅप्टर घेण्यापूर्वी ही वजाबाकी अवश्य करावी. लेन्स बसविल्यावर कॅमेऱ्याच्या यादीत 'लेन्सविना शटर चालू' अशा अर्थाची सोय असते, ती सुरू करावी. मिररलेस कॅमेऱ्यात प्रतिमा मोठी करून पाहता येते. फोकस तशा मोठ्या प्रतिमेवर करावा, म्हणजे चूक होत नाही.

विकत घेताना सावध असावे. माझी पहिली जुनी लेन्स मी केवळ तिच्या बाहेरील झळाळीस भुलून घेतली. घरी येऊन दिव्यासमोर धरली तो आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली! म्हणून पाठीमागून विजेरीचा प्रकाश टाकून आत पाहावे. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे काय, ती चटकन उघडतात व मिटतात काय, फोकसचे कडे सारखे फिरते काय, हे तपासावे. काचेवरील एखाद्या बारीक ओरखड्याने फारसे बिघडत नाही, बुरशीने मात्र बिघडते. आपल्याकडील पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीस आमंत्रणच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. १९६०-७० च्या सुमारास केलेल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असे व कालांतराने ती पिवळसर होते. नित्याच्या वापरात तिचे भय नाही, परंतु अशी लेन्स खोलू अगर घासू नये. आणि कोणत्याही लेन्समधून डोळ्याने सूर्याकडे कधीही पाहू नये. हा नियम सर्वांत महत्त्वाचा होय.

जुनी लेन्स सर्व कामांस योग्य आहे, असे मी म्हणणार नाही. कबड्डीच्या सामन्यात वा उडत्या पक्ष्यापुढे ती मागे पडते. उन्हाकडे तोंड केले असता चित्रावर पांढुरकी छटा येते, त्यासाठी पुढे टोपी लावावी. परंतु जे स्थिर आहे, जे आपल्यासाठी थांबते, तेथे ती कमी पडत नाही. कासच्या फुलांचेच पाहा. लेन्स व कॅमेरा ह्यांमध्ये पोकळ नळी बसविली की लेन्स जवळच्या वस्तू पाहू लागते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली, तर सेन्सरवरील प्रतिमा वस्तूच्या निम्मी येते. ५० ची लावली, तर वस्तूएवढीच. 'सीतेची आसवे' हे चिमुकले निळेजांभळे फूल अशाने चौकटभर दिसते. मात्र २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या त्या पठारावर चित्रासाठी एकही फूल पायाखाली येता कामा नये. वाटेवर बसूनच जे मिळेल ते घ्यावे.

त्या विद्यार्थ्यास मी माझी लेन्स व नळ्या एका महिन्यासाठी दिल्या. त्याने प्रथम फुले टिपली नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, तेव्हा त्याच्या घरातील त्याच्या आजीआजोबांच्या लग्नाचा फोटो भिजून चौकटीच्या काचेस चिकटला होता. असा फोटो ओढून काढू नये, त्यावरील चित्राचा थर काचेबरोबर निघून जातो. तो काचेसह तसाच ठेवून त्याची प्रत घेणे हाच सुरक्षित उपाय. आम्ही ती चौकट टेबलावर ठेवली व दोन्ही बाजूंनी तिरकस प्रकाश टाकला. चौकटीच्या मध्यावर एक लहान आरसा ठेवला. कॅमेऱ्यात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसले, म्हणजे कॅमेरा व फोटो समांतर झाले. मग आरसा उचलला. काचेत कॅमेऱ्याची छाया पडू नये म्हणून काळ्या कापडास भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढली. छिद्र ८ वर ठेवले, प्रतिमा मोठी करून फोकस लावला व हात न लावता, दहा सेकंदांच्या वेळेवर शटर सोडले. पुराचा डाग प्रतीतही राहिला, पण दोघांचे चेहरे वाचले. त्या महिन्यात गल्लीतील आणखी सहा घरांचे भिजलेले फोटो त्याने उतरवून दिले. २०२१ च्या जुलैतही पाणी चढले होते, तेव्हा अशी प्रत असणे म्हणजे काय हे त्या घरांस सांगावे लागले नाही.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ह्याहून मोठे उदाहरण घडलेले आहे. आनंदराव पेंटर ह्यांनी स्वतःच चलच्चित्रांचा कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ साली ते वारले. तेव्हा बाबुराव पेंटर ह्यांनी दामले ह्यांच्या साह्याने तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली लोकांपुढे आला. विलायती यंत्र घेण्यास पैसा नाही, म्हणून ते थांबले नाहीत. जवळ होते ते त्यांनी नीट समजून घेतले व त्यापासून काम करून घेतले.

शुभवर्तमानातील विधवेने दिलेल्या दमडीची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकतो. देणगीचे मोल तिच्या किमतीवरून ठरत नाही, हा त्या गोष्टीचा बोध साधनांसही लागू पडतो. तेव्हा मित्रहो, आपल्या घरातील अथवा शेजाऱ्याच्या माळ्यावरील जुना कॅमेरा भंगारात जाण्यापूर्वी एकदा खाली काढा. त्याची लेन्स उजेडासमोर धरून पाहा. ती स्वच्छ असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन या. आपण दोघे मिळून वजाबाकी करू, आणि छंद कोणाच्या घरचा आहे ते मग ठरवू.