कोळंबीचं रक्त रोगाशी कसं लढतं?
कोळंबीच्या रक्तात आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात. तरी ती लढते. जंतूच्या आवरणावरून तिच्या रक्तपेशी त्याला परका म्हणून ओळखतात. काही पेशी त्याला गिळतात, काही मिळून वेढा घालतात. जखमेवर काळा थर धरतो. जिवंत कोळंबीच्या कवचावर आपण पाहतो ते काळे डाग पुष्कळदा हेच.

पण पांढऱ्या डागांच्या विषाणूपुढे ही फौज हरते. ३ ते १० दिवसांत अख्खं तळं जाऊ शकतं, आणि मर लागल्यावर औषध नाही. म्हणून खाजनात तळी करणाऱ्या आपण सगळ्यांनी दोन गोष्टी पाळूया: बियाणं पीसीआर तपासूनच घेऊया आणि मर लागली तर मानस बंदच ठेवूया. ते पाणी खाडीत गेलं, की शेजाऱ्याचंही तळं गेलं समजा.