गोठविलेले भोजन आणि पोटाची तृप्ती



धार आणि देवास येथील पवारांची संस्थाने 1948 साली मध्यभारतात विलीन झाली, आणि ज्या मराठी कुटुंबांचे पूर्वज त्यांच्या पदरी राहून माळव्यात स्थायिक झाले होते, त्यांच्या पुढील पिढ्यांचा दिवस हळूहळू दरबारच्या दफ्तरातून निघून कारखान्याच्या पाळ्यांत जाऊन बसला. आज पिथमपूरच्या वाहनांच्या कारखान्यातून, देवासच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा इंदूरची कचेरी आटोपून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या स्त्रीपुरुषांनी जर फ्रीजरमधील तयार भोजनाचा आधार घेतला, तर त्यात मला आळस दिसत नाही. उणे 18 अंश तपमानात नीट राखलेल्या अन्नातील प्रथिने, क्षार आणि तंतू बहुतांशी टिकून राहतात, आणि बाजारातील तळीव कचोरीपेक्षा असे माफक तेलाचे भोजन केव्हाही श्रेयस्कर. परंतु हे अन्न खाणारा जी तक्रार घेऊन दवाखान्यात येतो ती खरी असते, आणि तिची दखल घेतली पाहिजे: डबा संपतो, पोट मात्र भरत नाही, आणि तासाभरात हात शेवेच्या बरणीकडे जातो.

याचे कारण त्या पुडीवरच छापलेले असते, फक्त ते नीट वाचावे लागते. पोषणाचा तक्ता सामान्यतः 100 ग्रॅमचा असतो, म्हणून प्रथम पुडीचे एकूण वजन पाहून हिशेब करावा. ‘हलके’ किंवा ‘आरोग्यदायी’ म्हणून विकले जाणारे एका माणसाचे भोजन बहुधा 250 ते 350 कॅलरींचे निघते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाकाठी 2710 आणि स्त्रीला 2130 कॅलरी लागतात. तेव्हा दिवसभर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस एवढ्यावर रात्र काढू पाहील, तर त्याला भूक लागणे हा त्याच्या मनोनिग्रहाचा दोष खचितच नव्हे.

तृप्तीचा निरोप मेंदूला दोन वाटांनी पोहोचतो. जठर अन्नाच्या आकारमानाने ताणले जाते तेव्हा तेथील मज्जातंतू पहिली वार्ता देतात. नंतर प्रथिने आणि स्निग्धांश आतड्यात उतरू लागले की तेथून स्रवणारे अंतःस्राव दुसरी वार्ता देतात आणि जठर रिकामे होण्याचा वेगही मंद करतात. ही दुसरी वार्ता पोहोचावयास सुमारे 20 मिनिटे लागतात, म्हणून ताट पाच मिनिटांत उरकू नये. लहान, मऊ आणि भाताचाच भरणा असलेल्या भोजनात या दोन्ही वाटा अर्धवट राहतात. सबब दुसरी पुडी उघडण्याऐवजी त्याच पुडीच्या जोडीला आकारमान आणि प्रथिने द्यावीत.

आकारमानाचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी, पण ते पदार्थातच मुरलेले असावे. अमेरिकेतील बार्बरा रोल्स या आहारशास्त्रज्ञ विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1999 साली असे दाखविले की, तेच अन्न व तितकेच पाणी जर सूपच्या रूपाने दिले तर भूक अधिक शमते, आणि अन्नाबरोबर नुसता पेला प्याल्याने तसा परिणाम होत नाही. आपल्या घरात तर आमटीची परंपराच आहे. पुडीतील घट्ट डाळ किंवा भाजी पातेल्यात घेऊन तिच्यात वाटीभर गरम पाणी, चिरलेला दुधी किंवा टोमॅटो आणि मूठभर पालक घालून पाच-सात मिनिटे उकळी आणावी. मीठ मुळीच घालू नये, कारण पुडीत ते आधीच पुरेसे असते. तक्त्यावरील सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ, आणि दिवसाची कमाल मर्यादा पाच ग्रॅमची आहे. पातेल्याला लिंबू आणि जिऱ्याची फोडणी दिली की चव फिकी लागत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत माळवा भाग्यवान आहे. सोयाबीन आपल्याच शेतांत पिकते, आणि तरीही आपल्या स्वयंपाकात त्याला अद्याप मानाचे पान मिळालेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सोयाबीनच्या 25 ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे 13 ग्रॅम प्रथिने असतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून त्या हाताने घट्ट पिळाव्यात, पुन्हा थंड पाण्यात बुडवून पिळाव्यात, म्हणजे उग्र वास निघून जातो. मग वरील आमटीत सोडाव्यात. हिवाळ्यात घरोघरी सोलून गोठविलेला मटार याच कामी येतो: त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे पाच ग्रॅम प्रथिने आणि तितकेच तंतू. ज्यांना चालते त्यांनी उकडलेले अंडे घ्यावे. शेवेची बरणी मात्र फळीवरून उतरवून तिच्या जागी फुटाणे ठेवावेत.

बटाट्याविषयीची धास्तीही थोडी कमी करावयास हरकत नाही. सिडनी विद्यापीठात 1995 साली सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 खाद्यपदार्थांची तृप्तिक्षमता मोजली, तेव्हा उकडलेला बटाटा पहिला ठरला. सारख्याच कॅलरींच्या पांढऱ्या पावाच्या तिपटीहून अधिक तृप्ती त्याने दिली. मधुमेह्यांनी तो भाताच्या बदली आणि बेताने घ्यावा, भाताखेरीज नव्हे.

तंतू एकदम वाढविल्यास पोटात वायू धरतो, म्हणून ही भर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रमाने घालावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या वैद्याच्या अनुमतीवाचून प्रथिने वाढवू नयेत. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर राखावे, कारण सोयाबीनमुळे गोळीचे शोषण घटते. गोठविलेला भात कोमट करून खाऊ नये. मध्यभागापर्यंत वाफाळेपर्यंत तापवावा, आणि एकदा वितळलेले अन्न पुन्हा गोठवू नये.

येथवर जे लिहिले ते सर्व एका वर्गाला उलट लागू पडते, आणि त्याची चिंता मला अधिक वाटते. मुले पुण्याला किंवा परदेशी, आणि मागे वाड्यात राहिलेले वृद्ध आईवडील. मुले सुट्टीत येऊन फ्रीजर भरून जातात, आणि आई ती हलकी पुडीही दोन वेळांना पुरवते. तिची भूक मुळातच मंदावलेली असते. अशा व्यक्तीला जेवणाआधी सूप देऊन किंवा काकडीने ताट भरून तृप्त केले, तर ती आवश्यक तेवढेही खाणार नाही. तिच्या पुडीत पाणी न घालता चमचाभर साजूक तूप, कुस्करलेले पनीर किंवा दाण्याचे कूट मिसळावे, आणि निजण्यापूर्वी पेलाभर दूध द्यावे. घरातील वृद्धांचे वजन दरमहा एकाच काट्यावर करून पंचांगाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. काहीही प्रयत्न न करता सहा महिन्यांत शेकडा पाच इतके, म्हणजे 60 किलोंच्या माणसाचे तीन किलो, वजन उतरले असेल, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून न देता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन यावे.