परक्या शहरातील पहिले दिवस : न्यूयॉर्क १९१३ आणि बडोदे १९१७

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण बहुधा मोठ्या घटनांवरून वाचतो. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषद, घटना समिती, नागपूरची धम्मदीक्षा. या घटनांच्या मधले साधे दिवस मात्र आपल्या नजरेतून निसटतात. बाबासाहेब अमेरिकेत शिकले हे शाळेतील मुलालाही पाठ असते. पण तिथे उतरल्यावर पहिल्या रात्री ते झोपले कुठे, जेवले काय, खिशात पैसे किती होते, हे विचारले तर पदवीधरही गप्प बसतात. आज आपल्या समाजातील मुलेमुली शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जात आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी या दिवसांचा अभ्यास व्हायला हवा, असे मला वाटते.

आधी पार्श्वभूमी. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या मदतीवर. त्यानंतर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, पण काही दिवसांतच वडील आजारी असल्याचे कळून त्यांना परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. घरचा आधार तुटला असताना त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी निवडले. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण संपल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी त्यातली अट होती. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षे. त्या काळी एका पौंडाचे सुमारे ४ डॉलर ८६ सेंट येत; म्हणजे महिन्याला साधारण ५६ डॉलर. खोली, जेवण, पुस्तके, कपडे आणि घरी पाठवायचे पैसे, सारे यातूनच भागवायचे. मागे परळच्या चाळीत माता रमाई होत्या, आणि यशवंत जेमतेम सात महिन्यांचा होता.

जुलै १९१३ च्या उत्तरार्धात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२ वर्षे. विद्यापीठाचे सत्र सप्टेंबरअखेर सुरू होणार होते. म्हणजे शहर समजून घ्यायला दोन महिने हाती होते. ते शहर त्या वेळी कसे होते, याची कल्पना यावी म्हणून दोनच गोष्टी सांगतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे वूलवर्थ बिल्डिंगचे उद्घाटन झाले होते, आणि ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. जमिनीखालून धावणारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली होती, आणि तिचे एक स्थानक कोलंबिया विद्यापीठाच्या दारातच, ११६ व्या रस्त्यावर होते. तिकीट ५ सेंट. पाच सेंट दिले की कोणीही डब्यात चढून कोणाच्याही शेजारी बसावे.

हे वाक्य वाचून कोणी पुढे सरकेल. त्याने जरा थांबावे. बाबासाहेबांचा बालपणीचा पहिला मोठा प्रवास १९०१ सालचा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. मुले महार आहेत असे कळताच गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली. जवळ अन्न होते, पण प्यायला पाणी मिळेना. रात्र उपाशीपोटी काढावी लागली. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. प्रवासाचा असा अनुभव गाठीशी असलेला माणूस बारा वर्षांनी न्यूयॉर्कच्या डब्यात चढतो आणि कोणी काही विचारत नाही, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

पहिला मुक्काम हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात पडला. १९०५ साली विद्यापीठाच्या नव्या आवारात जी पहिली दोन वसतिगृहे झाली, त्यांपैकी हे एक. बाबासाहेब तिथे राहिले फक्त आठवडाभर. कारण अगदी साधे होते. जेवण मानवले नाही. गोमांसाचे पदार्थ आणि नीट न शिजलेले अन्न त्यांच्या घशाखाली उतरेना. काही भाविक लेखक हा तपशील गाळतात. एवढ्या मोठ्या पुरुषाला जेवणाची अडचण यावी हे त्यांना कमीपणाचे वाटत असावे. मला तसे वाटत नाही. नव्या मुलुखात गेलेल्या माणसाचे पोट आधी बंड करते आणि मन मागाहून. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात खेड्यातून आलेला आमचा मुलगा पहिल्या आठवड्यात ताटावरून उठतो, तेव्हा त्याला हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

तिथून ते ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल हे दुसरे वसतिगृह. येथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र लाभला. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणात पैशाची ओढाताण झाली तेव्हाही भथेनांनी हात दिला. म्हणजे तीन जागा झाल्या, आणि दोन्ही वेळा जागा बदलण्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या सोयीचे होते. कोणी जात विचारून बाहेर काढले म्हणून एकही जागा बदललेली नाही.

पहिले काही महिने नाटक, खेळ आणि मित्रमंडळींत गेले असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. हाही भाग आपण दडवू नये. मोकळी हवा एकाएकी छातीत शिरली की माणूस थोडा भुलतो. लक्षात घेण्याजोगे एवढेच की भुललेपण त्यांचे त्यांनाच उमगले. मागे लागून अभ्यास करवून घेणारे तिथे कोणी नव्हते. त्यानंतरच्या तीन वर्षांचा हिशेब विद्यापीठाच्या दप्तरात आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. एकूण ६०. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन यांसारखे गुरू मिळाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावरचा प्रसिद्ध निबंध वाचला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पुढे १९३० मध्ये त्यांनी लिहिले आहे की आयुष्यातील उत्तम मित्र आपल्याला कोलंबियातील सहाध्यायी आणि प्राध्यापक यांच्यात लाभले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. न्यूयॉर्क म्हणजे समतेचा स्वर्ग होता असा समज कोणी करून घेऊ नये. विद्यापीठाच्या टेकडीखालीच हार्लेम आहे. त्या वर्षांत निग्रो म्हटली जाणारी कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे वस्ती करू लागली होती, आणि त्यांना घरे मिळू नयेत म्हणून गोरे घरमालक एकजूट करत होते. त्याच शहरात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस १९१० पासून ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवून या अन्यायाविरुद्ध लिहीत होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. ज्या शहराने एकाला खोली दिली, त्याच शहराने दुसऱ्याला ती नाकारली. राहण्याची जागा देणे-नाकारणे हे भेदभावाचे सर्वांत जुने हत्यार आहे.

या संदर्भात विनयपिटक उघडून पाहावे. चुल्लवग्गात ‘वत्तक्खंधक’ नावाचे प्रकरण आहे. त्याच्या आरंभीच आगंतुक म्हणजे नव्याने आलेल्या भिक्खूचे कर्तव्य सांगितले आहे, आणि त्यापाठोपाठ आवासिक म्हणजे तिथे आधीपासून राहणाऱ्या भिक्खूचे. आगंतुकाने चपला काढून झटकून हातात घ्याव्यात, छत्री मिटावी, घाई न करता विहारात शिरावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते, हे विचारावे. आपल्या वाट्याला कोणती खोली येते, तिथे कोणी राहते की ती रिकामी आहे, भिक्षेला कुठे जावे, कुठे जाऊ नये, शौचकूप कुठे, संघाने कोणते नियम ठरवले आहेत, हे सारे विचारून घ्यावे. रिकाम्या खोलीचे दार आधी ठोठवावे, क्षणभर थांबावे, मग कडी काढून बाहेरूनच आत पाहावे. हा नियम झाला कारण न पाहता आत शिरलेल्या एका भिक्खूच्या खांद्यावर वरून साप पडला होता! खोली मळलेली असेल तर ती स्वतः साफ करावी, पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरावे.

आणि आवासिकाने काय करावे? वडीलधारा भिक्खू येताना दिसला तर आसन मांडावे, पाय धुण्याचे पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, त्याची जागा दाखवावी. येणारा धाकटा असेल तर बसल्या जागेवरून त्याला सर्व माहिती सांगावी. या सगळ्या प्रश्नोत्तरांत ‘तुझे कुळ कोणते’ हा प्रश्न नाही. वडीलपण ठरते ते उपसंपदा होऊन किती वर्षे झाली यावरून. याच चुल्लवग्गात नोंद आहे की शाक्य राजपुत्रांनी आपला मान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्या आधी प्रव्रज्या द्यावी अशी भगवंतांना विनंती केली. म्हणजे विहारातील जागावाटपात न्हावी आधी आणि राजपुत्र नंतर.

आता १९१७ सालचे बडोदे. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले, आणि करारानुसार बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न तोच : राहायचे कुठे? हिंदू खाणावळीत प्रवेश शक्य नव्हता. एका पारशी उतारूगृहाची माहिती मिळाली. रखवालदाराने वर खोली दाखवली, मग विचारपूस झाली. अंगात सदरा आणि कंबरेला कस्ती नाही हे दिसताच हा पारशी नाही हे उघड झाले. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया द्यायचा असे ठरले. एक लहान खोली, शेजारी मोरी, आणि बाकीचा मजला मोडक्या बाकांनी व फळ्यांनी भरलेला. रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात वटवाघळे फिरत. दोन्ही खंडांतील विद्यापीठांत शिकलेला हा माणूस तिथे खोटे नाव घेऊन, पुस्तकात डोके खुपसून दिवस काढत होता, आणि सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होता.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला डझनभर पारशांचा जमाव जिना चढून आला. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग, असा दम दिला. बाबासाहेबांनी दोन ओळखीच्यांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्हाला घरात घेतले तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. ती दोघेही मूळची ब्राह्मण. मुंबईची गाडी रात्री ९ ला होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले.

न्यूयॉर्कमध्ये जन्माचा मित्र झालेला भथेना पारशी होता, आणि बडोद्यात काठी उगारणारेही पारशीच होते. यावरून बाबासाहेबांनी स्वतः काढलेला निष्कर्ष असा की हिंदूंना जो अस्पृश्य, तो या देशात इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच ठरतो. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत हे भान मनातून पुसून गेले होते, असेही त्यांनी लिहिले आहे. बडोद्यातील अकरा दिवसांनी ते परत आणले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जो कोणी उद्या लंडनला, न्यूयॉर्कला किंवा नुसता पुण्याला जाईल, त्याने पहिल्या आठवड्यात आगंतुकाचे प्रश्न न लाजता विचारावेत : पाणी कुठले, जेवण कुठले, नियम काय, कुठे जाऊ नये. आणि आपण तिथे वर्षभर स्थिरावलो की आवासिक झालो. मग स्टेशनवर कोण उतरतो आहे ते पाहायला आपणच जायचे आहे. आपल्या मंडळींत हे दुसरे काम कमी होते, हे मी तक्रार म्हणूनच लिहितो आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. कामामागून कामे उभी राहिली. त्यांतले अगदी आरंभीचे म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडलेले वसतिगृह. बाहेरगावाहून हायस्कूलला येणाऱ्या मुलांची राहण्याची, जेवणाची, कपड्यांची आणि पुस्तकांची सोय तिथे होती.