आजीच्या ताटात घट्ट वरण

"म्हाताऱ्या माणसाला काय लागतं? घोटभर चहा नि चतकोर भाकर!" असे आमच्या पिपरी मेघ्यात पुष्कळ जण म्हणतात. आजी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. तिच्या वाट्याला वरणाचे नुसते पाणी उरते. मंडळी, हे बरे नव्हे.

म्हातारपणी भूक कमी होते, पण शरीराची झीज थांबत नाही. रोगाशी झुंजणारे शिपाई आपल्या रक्तात असतात. ते प्रथिनांपासून घडतात. प्रथिने कमी पडली की शिपाई दुबळे होतात. मग खोकला छातीत उतरतो, जखम लवकर भरत नाही, क्षयरोग डोके वर काढतो.

50 किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे 40 ग्रॅम प्रथिने लागतात. चला, आपण बेरीज करू.

ज्वारीच्या 2 भाकरी : 14 ग्रॅम
घट्ट वरण, 2 वाट्या : 12 ग्रॅम
मूठभर शेंगदाणे : 7 ग्रॅम
पेलाभर दूध किंवा 1 अंडे : 6 ग्रॅम
एकूण : 39 ग्रॅम

दात नाहीत? मग डाळ घोटा, दाणे कुटा, भाकरी दुधात कुस्करा. एका वेळी जात नसेल, तर थोडे थोडे चार वेळा द्या.

अन्नाने रोग अडतो काय? होय, अडतो. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्याचा निकाल 2023 साली प्रसिद्ध झाला. इतर घरांत जिथे 100 नवे रोगी, तिथे या घरांत सुमारे 60 च निघाले.

डाळीच्या जोडीला हिरवा पाला हवा. 1935 साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. वय 65. तिथे ते हिरवा पाला धुऊन कच्चाच खाऊन पाहत. आपण अंबाडी, मेथी, चवळीचा पाला बारीक चिरून शिजवावा. वरून लिंबू पिळावे.

मात्र अन्न म्हणजे औषध नव्हे. दोन आठवडे खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डाळ किती खावी ते डॉक्टरांना विचारा.

आज रात्री वरण वाढताना पळी तळापासून फिरवा. पहिली वाटी आजीला द्या.