स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडे

प्रश्न : मुलाकडे पॅरिसला गेलो होतो. त्याने चार दिवस दोर्दोन्य भागात फिरवून आणलं. रविवारी सकाळी एका खेड्याच्या चौकात, चर्चसमोरच्या कॅफेबाहेर, उघड्या टपाच्या आठ-दहा जुन्या स्पोर्ट्स कार आणि तेवढ्याच मोटरसायकली उभ्या दिसल्या. मंडळी साठी उलटलेली, गप्पा इंग्रजीत. नंबरप्लेट फ्रेंच, पण स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे! हे लोक कोण? आणि उलट्या बाजूच्या गाड्या घेऊन परक्या देशातल्या खेड्यात यांना काय सुख लागतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ते ब्रिटिश. पाहुणे नव्हेत, तिथलेच रहिवासी. फ्रान्समध्ये दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश नागरिक राहतात. त्यातले पुष्कळजण पॅरिसच्या वाटेला न जाता दोर्दोन्य, शारांत, लिमुझँ, ब्रेतान्य अशा भागांतल्या खेड्यांत स्थायिक झाले आहेत. दोर्दोन्यला तर इंग्लंडातल्या परगण्यांच्या चालीवर ‘दोर्दोन्यशायर’ असं थट्टेचं नावच पडलं आहे. निवृत्त झाल्यावर तिकडचं घर विकायचं आणि आलेल्या पैशाच्या एका हिश्शात इकडे दगडी घर घ्यायचं, हा नेहमीचा हिशेब. अशा घराला बहुतेक वेळा एक जुनं दगडी कोठार जोडलेलं असतं. पूर्वी तिथे गवत आणि गुरं असत, आता तिथे एमजी, ट्रायम्फ, लोटस आणि मधूनच एखादं उघडलेलं इंजिन असतं. लंडनच्या उपनगरात ज्याला एक गाडी लावायला जागा नव्हती, त्याला इथे चार मावतात. छंदाचा निम्मा खुलासा या कोठारातच झाला.

उरलेला निम्मा रस्त्यावर. तुम्ही सांगलीचे, म्हणून सांगलीचंच माप घेतो. सांगली जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाख. दोर्दोन्य जिल्हा नऊ हजार चौरस किलोमीटरचा, आणि लोक सव्वाचार लाखांच्याही आत. म्हणजे जागा तुमच्यापेक्षा थोडी जास्त आणि माणसं साधारण सातव्या हिश्शाची. तरी रस्ते मात्र प्रत्येक वाडीपर्यंत डांबरी. साऱ्या फ्रान्सात मिळून दहा लाख किलोमीटरहून अधिक रस्ते आहेत. त्यातले ‘डी’ अक्षराचे, म्हणजे जिल्ह्याच्या ताब्यातले रस्ते हाच या मंडळींचा खजिना. नदीच्या कडेने वळत जाणारे, अक्रोडाच्या बागांतून निघणारे, टेकडी चढून पुन्हा उतरणारे. २००६च्या सुमारास हजारो किलोमीटर राष्ट्रीय मार्ग सरकारने जिल्ह्यांकडे सोपवले आणि त्यांचे क्रमांक बदलले. त्यामुळे जुना नकाशा एक सांगतो आणि पाटी दुसरंच. चुकायला होतं, पण चुकून ज्या रस्त्याला लागावं तो बहुधा जास्त सुंदर निघतो.

आता उजव्या स्टिअरिंगचं कोडं. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं आणि बसायचंही उजवीकडेच, म्हणजे चालक चरीच्या कडेला आणि रस्त्याचा मध्य पलीकडे. पुढे कांद्या-बटाट्याचा ट्रक असला तर त्याच्या पलीकडून काय येतंय ते चालकाला दिसतच नाही, निम्मी गाडी बाहेर काढल्याशिवाय. मग शेजारी बसलेल्या बायकोचे किंवा मित्राचे डोळे उसने घ्यायचे. तिने ‘जा’ म्हटलं तर जायचं. या एका शब्दावर किती संसार तोलले गेले असतील, देव जाणे. टोलनाक्यावर तीच कथा. पैसे घेणारं यंत्र डावीकडे, म्हणून शेजारच्याने हात लांबवायचा, आणि एकटे असाल तर उतरून गाडीला प्रदक्षिणा घालायची. दिव्यांचा घोळ वेगळाच. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीचा मंद झोत डाव्या बाजूला थोडा उचललेला असतो, रस्त्याची कड दिसावी म्हणून. फ्रान्समध्ये तोच उचललेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे तपासणीत गाडी नापास होते आणि दिवे बदलावे लागतात. नव्या गाडीचे दिवे बदलणं खिशाला चांगलंच कापतं. जुन्या एमजीचे गोल दिवे त्या मानाने स्वस्तात निभावतात.

मोटरसायकलला यातलं फारसं काही लागू नाही. चालक मधोमध बसतो, त्यामुळे डावं-उजवं हा वादच नाही. एक दिवा पाहिला की झालं. म्हणूनच तिकडे राहायला गेलेल्यांत जो आधी केवळ गाडीवाला होता, तो वर्ष-दोन वर्षांत मोटरसायकलही घेताना दिसला तर मला नवल वाटणार नाही. आणि मोटरसायकलवाल्याला तिथे लगेच ओळख मिळते. समोरून येणारा फ्रेंच स्वार डावा हात बाहेर काढून दोन बोटं दाखवतो. इंग्लंडमध्ये स्वार नुसती मान हलवतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. डावीकडून चालताना समोरचा स्वार आपल्या उजव्या हाताला येतो, आणि उजवा हात अॅक्सलरेटरवर अडकलेला. उजवीकडून चालताना तो डाव्या हाताला येतो, आणि सरळ रस्त्यावर डाव्या हाताला काही काम नसतं. गाडीवाल्याने बाजू दिली, तर पुढे जाताना फ्रेंच स्वार उजवा पाय बाहेर काढून आभार मानतो. आपल्याकडे कुणाला पाय दाखवून पाहा!

या सुखाला कागदांची किंमत मात्र आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि त्या वर्षअखेरीपासून सीमेवर जकात आली. आता ब्रिटनहून गाडी आणायची तर जकात खात्याचा दाखला हवा. त्यासाठी साधारणपणे जकात आणि २० टक्के कर भरावा लागतो. कायमचं राहायला येताना स्वतःची वापरातली गाडी घरसामानाबरोबर आणली तर नियमांत बसून सूट मिळते. मग ‘कार्त ग्रीझ’, म्हणजे आपलं आरसी बुक. प्रदूषण जास्त करणाऱ्या गाडीला पहिल्या नोंदणीच्या वेळी दंडकर आहे. २०२४मध्ये त्याची कमाल मर्यादा ६०,००० युरो होती! बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीलाही तो लागतो, वयाप्रमाणे सूट धरून. मोटरसायकलला हा कर नाही. ३० वर्षांवरच्या गाडीची ‘संग्रहातली’ म्हणून नोंदणी करता येते. तिची तपासणी पाच वर्षांतून एकदाच, आणि १९६०च्या आधीची असेल तर तीही नाही. तुम्ही पाहिलेल्या गाड्या जुन्या का होत्या, ते आता कळलं असेल. हौस होतीच, पण हौसेला कायद्याने दिलेला रेटाही होता.

ताकदीबद्दल फ्रेंच सरकारला पहिल्यापासून संशय. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २०१६ उजाडेपर्यंत फ्रान्समध्ये मोटरसायकलला १०० अश्वशक्तीची मर्यादा होती. इंग्लंडात दीडशे अश्वशक्तीची मोटरसायकल राजरोस चालवणाऱ्याने इकडे बिऱ्हाड हलवलं की त्याच मोटरसायकलची नोंदणी पूर्ण ताकदीने होत नसे. तपासणीच्या बाबतीत मात्र उलटी गंगा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या मोटरसायकलची तपासणी दर वर्षी, तर फ्रान्समध्ये १५ एप्रिल २०२४पर्यंत ती नव्हतीच. ती लागू झाली तेव्हा फ्रेंच स्वार हजारोंनी रस्त्यावर उतरले. ब्रिटिश शेजाऱ्यांना त्यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नसावं.

राहिला वेग. मधे दुभाजक नसलेल्या दोनपदरी रस्त्यावर १ जुलै २०१८पासून ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आली. लोक इतके चिडले की पुढे जिल्ह्यांना ती पुन्हा ९० करायची मुभा द्यावी लागली. त्यामुळे एका जिल्ह्यात ८०, हद्द ओलांडली की ९०. गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगळं काही न लिहिताही ५०. शिवाय गतिरोधक, ज्याला फ्रेंच लोक ‘झोपलेला पोलीस’ म्हणतात. जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचा हा जन्माचा वैरी. आणि हे सगळं पार करून मोकळ्या वळणावर यावं, तर पुढे ४५च्या वेगाने सरपटणारी एक चिमुकली गाडी! चौदा वर्षांच्या पोरालाही चालवता येते अशी ही गाडी. परवाना गमावलेले आजोबाही हीच चालवतात. लिजिए हे नाव तिच्यावर दिसलं तर टोपी काढा. १९७६ ते १९९६ फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरलेला लिजिए संघ ज्याने उभारला, त्याच माणसाच्या कारखान्याने पुढे या गाड्या काढल्या.

तेव्हा ज्याला वेगच हवा त्याने तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. तीनशे अश्वशक्तीची गाडी त्या रस्त्यांवर पिंजऱ्यातल्या वाघासारखी येरझाऱ्या घालते. साठच्या दशकातली हलकी, कुरकुरणारी, साठ-सत्तर अश्वशक्तीची गाडी मात्र ८०च्या आतच आपलं सगळं देऊन टाकते. चालकाला प्रत्येक वळणावर गिअर टाकावा लागतो, घाम येतो, आणि काटा ७०वरच असतो. इंग्लंडच्या गर्दीत हे सुख तासभर मिळणं कठीण, इथे दिवसभर मिळतं.

दोन धोके सांगून ठेवतो, मुलगा कधी मोटरसायकल घेईल म्हणून. उन्हाळ्यात जिल्ह्याचे लोक रस्त्यावर डांबर शिंपडून वर खडी टाकतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर सोपवतात. ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली की समजावं, पुढच्या वळणावर सुटी खडी आहे. दुसरा धोका उजव्या हाताचा. जिथे दुसरी काही खूण नाही, त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्लीतून ट्रॅक्टर घेऊन निघालेला शेतकरी मान वळवूनही पाहत नाही, कारण कायदा त्याच्या बाजूचा आहे.

प्रश्न : ब्रिटनमध्येही गाड्यांचं वेड कमी नाही. मग तिथले शौकीन फ्रान्सलाच पंढरी का मानतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कारण ब्रिटनने स्वतःच्या रस्त्यावर शर्यत होऊ दिली नाही. १९०३च्या कायद्याने तिथे ताशी २० मैलांची मर्यादा आली. शर्यतीसाठी मग १९०७मध्ये ब्रुकलंड्सला वेगळा मार्ग बांधावा लागला आणि मोटरसायकलवाले आइल ऑफ मॅनला गेले, जिथे कायदे वेगळे होते. इंग्लंडमध्ये रस्ता बंद करून मोटारशर्यत घेण्याची सरसकट सोय कायद्याने झाली ती २०१७मध्ये.

फ्रान्सचा हिशेब वेगळा. १९०३मध्येच पॅरिस–माद्रिद शर्यतीत इतके अपघात झाले की सरकारने ती बोर्दोला थांबवली. रनो कारखान्याच्या भावंडांपैकी मार्सेल रनो याच शर्यतीत प्वातिएच्या दक्षिणेला कोसळला आणि दगावला. आज जिथे ब्रिटिश निवृत्तांनी घरं घेतली आहेत त्याच पट्ट्यातला हा भाग. शहर ते शहर शर्यती संपल्या, पण सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत घेण्याची रीत तिथे टिकली. ल माँची १९२३मध्ये सुरू झालेली २४ तासांची शर्यत आता साडेतेरा किलोमीटरच्या ज्या वर्तुळावर चालते, त्याचा मोठा भाग रोजच्या वापराचा रस्ता आहे. तिथला प्रसिद्ध लांब सरळ पट्टा म्हणजे ल माँहून तूरकडे जाणारा रस्ता. शर्यत नसेल तेव्हा तुम्ही-आम्हीही त्यावरून भाजी आणायला जाऊ शकतो, कायद्याच्या वेगात. ही शर्यत ब्रिटिश बेंटलीने १९२४मध्ये जिंकली, पुढे १९२७ ते १९३० सलग चार वर्षं. आजही ब्रिटिश लोक जूनमध्ये हजारोंनी इंग्लिश खाडी ओलांडतात. रँस शहराबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या शर्यतीचे सज्जे अजून उभे आहेत. तिथे गाडी थांबवून फोटो काढला नाही असा ब्रिटिश शौकीन विरळा. आणि शारांतमधल्या आंगुलेम शहरात सप्टेंबरमध्ये तटबंदीभोवतीच्या गल्ल्यांतून जुन्या गाड्या धावतात. १९३९मध्ये सुरू झालेली ही शर्यत दोर्दोन्यवाल्यांना घरचीच वाटते.

प्रश्न : फ्रान्समध्ये दिसणाऱ्या ट्रायम्फ मोटरसायकली चाकणला बनतात, असं मित्र म्हणतो. थाप की खरं? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : अर्धं खरं. मोठ्या ट्रायम्फ चाकणच्या नाहीत. पण २०२३मध्ये आलेली ३९८ सीसीची स्पीड ४०० ही बजाजबरोबरच्या भागीदारीतून निघाली, ती चाकणला तयार होते आणि युरोपातही विकली जाते. ताकद ४० अश्वशक्तीची. दोर्दोन्यच्या रस्त्यांना ती अगदी पुरेशी. कागदपत्रं, कर आणि ८०ची मर्यादा धरून तिकडे राहायला जाणाऱ्याने आधी काय घ्यावं असं विचारलंत, तर मी हीच सांगेन. उघड्या टपाची एमजी दुसऱ्या वर्षी.