स्कॉटलंडचें ग्रामनृत्य : पहिले धडे

नृत्य शिकावयाचें म्हणजे प्रथम पाय सुधारावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. स्कॉटलंडचें 'कंट्री डान्स' नांवाचें नृत्य शिकूं पाहणाराची या समजुतीनें फसगत होते. तेथें पायांच्याही आधीं मोजावयास शिकावें लागतें.

हें नृत्य एकट्याचें नव्हे. बहुधा चार जोड्यांचा एक संच असतो. पुरुष एका रांगेंत, स्त्रिया समोरच्या रांगेंत, व प्रत्येकाचें तोंड आपल्या जोडीदाराकडे. वाद्यें असतील तें संचाचें वरचें टोक, आणि पुरुषांचा डावा खांदा तिकडे यावा. ही खूण नवशिक्यानें पक्की धरावी. वर कोणतें व खालीं कोणतें हेंच विसरलें, तर पुढील सर्व सूचना व्यर्थ होत.

संगीताच्या चाली मुख्यतः तीन : रील व जिग या जलद, स्ट्रॅथस्पे ही संथ व भारदस्त. नृत्याची एकेक आकृति बहुधा ८ मापांची, व अशा चार आकृति मिळून ३२ मापांचें एक आवर्तन होतें. हातांत हात घेऊन वर्तुळ फिरणें, बाहेरून वळून आपल्याच रांगेमागून खालीं जाणें, तिघांनीं इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखे वळसे घेणें, अशा त्या आकृति. पहिली जोडी सामान्यतः दोन आवर्तनें करून तळाशीं जाते, मग दुसरीची पाळी.

जलद चालींत पुढें जाण्याचें पाऊल असें : एका पायावर लहानशी उडी, दुसरा पाय पुढें, मागचा त्यास मिळवावयाचा, पुन्हां पुढचाच पुढें. एवढें एका मापांत. टाच जमिनीस लागूं देऊं नये. प्रथम सर्व आकृति संगीतावांचून नुसत्या चालून पाहाव्या. हें न करितां एकदम नाचावयास लावणारा शिक्षक शिष्यांचा वेळ दवडतो, असें आम्हांस वाटतें.

वाट चुकली तर थांबूं नये. गोफ विणतांना एकानें उलटा वळसा घेतला तर सारा गोफ गुंततो, हें आपल्या मुलांस ठाऊकच आहे. चुकलेली आकृति सोडून द्यावी आणि आठव्या मापास आपल्या जागीं हजर असावें. समोरच्याची नजर व पुढें आलेला हात वाट दाखवितात.

हीं नृत्यें मागें पडत चाललीं होतीं. १९२३ सालीं ग्लासगो येथें जीन मिलिगन व श्रीमती इझोबेल स्टुअर्ट यांच्या पुढाकारानें त्यांच्या जतनासाठीं संस्था निघाली. पण आम्हांस अधिक मोलाची वाटते ती पुढील हकीकत. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्समध्यें सेंट व्हॅलरी येथें ५१ व्या हायलंड डिव्हिजनचे हजारों सैनिक जर्मनांच्या हातीं सांपडले. बव्हेरियांतील लाउफेनच्या बंदिवासांत त्यांच्यांतील अधिकाऱ्यांनीं एक नवी रील रचली. तींत नर्तकांच्या दोन तिरप्या ओळी एकीमागून एक उमटतात, आणि त्या मिळून स्कॉटलंडच्या निशाणावरील संत अँड्र्यूचा क्रूस होतो. आज ती रील दूरदूरच्या देशांतही नाचतात. त्या ओळींत पोंचावयास एकानें जरी उशीर केला, तरी क्रूस उमटत नाहीं.