मिरचीचा दाह व वेदनेचें शमन

तिखट जिभेला झोंबलें म्हणजे डोळ्यांत पाणी येतें, हें कोणास सांगावयास नको. परंतु जी मिरची अंगाची आग करते तिच्याच अर्कानें वेदना शमूंही शकते, याचें पुष्कळांस नवल वाटेल. त्या नवलाचा कार्यकारणभाव आम्ही येथें थोडक्यांत मांडीत आहोंत.

मिरचींत जें तिखट द्रव्य असतें त्यास कॅप्सायसिन ही संज्ञा आहे. हंगेरींतील सेगेड येथील औषधशास्त्रज्ञ मिक्लोश यान्चो यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे प्रयोग उंदरांवर केले. या द्रव्याचा थेंब डोळ्यांत पडतांच उंदीर पुढच्या पायांनीं डोळा पुसूं लागतो. परंतु तें वारंवार दिल्यावर हें पुसणें कमी होत जाऊन अखेर थांबतें. इतकेंच नव्हे, तर एरव्हीं डोळ्यास झोंबणारीं इतर रसायनेंही मग त्यास झोंबत नाहींत.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'मुक्या प्राण्याची वेदना गेली, हें जाणावें कसें? कदाचित् त्यास गुंगी आली असेल, किंवा त्याचे पाय लुळे पडले असतील.' ही शंका रास्त आहे, व अशा सर्व प्रयोगांचें मर्म तिच्यांतच आहे. म्हणून एका परीक्षेस दुसरीची जोड द्यावी लागते. यान्चो यांच्या उंदरांच्या डोळ्यास हलका स्पर्श होतांच पापणी पूर्ववत् मिटत असे. अर्थात् प्राणी सावध होता. केवळ एका प्रकारची संवेदना मावळली होती.

याचें कारण पुढें १९९७ सालीं उलगडलें. अमेरिकेंतील डेव्हिड ज्युलियस व त्यांचे सहकारी यांनीं मज्जातंतूंच्या टोकांवरील एक प्रथिन शोधून काढलें. तें दारासारखें असून कॅप्सायसिनानें उघडतें, तसेंच सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेंही उघडतें. म्हणूनच तिखट आपणांस 'जळजळीत' भासतें. पक्ष्यांच्या देहांतील हें दार कॅप्सायसिनास दाद देत नाहीं; पोपट मिरची सुखानें खातो तो यामुळेंच. आपल्या देहांत मात्र हें दार पुनःपुन्हा उघडत राहिलें कीं तो तंतु कांहीं काळ वेदनेचा निरोप पोंचविण्यास असमर्थ होतो. उष्णता व स्पर्श जाणणाऱ्या अशा दारांच्या शोधाबद्दल ज्युलियस व आर्डेम पटापुटियन यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. नागीण बरी झाल्यावरही मागें राहणाऱ्या वेदनेवर या द्रव्याची पट्टी अमेरिकेंत २००९ सालीं मान्य झाली.

तथापि वेदना ही केवळ शत्रु नव्हे. कॅप्सायसिन दिलेले उंदीर उष्ण जागीं ठेवले असतां त्यांस आपल्या शरीराचें तपमान आवरतां येत नसे. पहारेकरी निजला म्हणजे घर शांत होतें, पण सुरक्षित राहत नाहीं. शिवाय जें ज्ञान मुक्या जीवांच्या कष्टांतून मिळतें तें मिळवितांनाही मर्यादा हवी. शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन, कमींत कमी प्राणी व कमींत कमी यातना, हा दंडक रसेल व बर्च यांनीं १९५९ सालीं घालून दिला. आपल्या देशांतही १९६० च्या कायद्यानें प्रयोगांतील अनावश्यक यातना टाळण्याची तजवीज केली आहे.

वाचकांनीं मात्र स्वयंपाकघरांतील तिखट जखमेवर किंवा डोळ्यास लावून पाहूं नये. औषध कोणतें, किती व केव्हां द्यावें, हें ठरविणें डॉक्टरांचें काम होय.